अनोळखी शहर धावत पायाखाली घालताना

नव्या शहरात पाऊल ठेवल्यानंतर त्याची ओळख करून घेण्याचे मार्ग अनेक असले, तरी धावत फिरण्याइतका थेट मार्ग दुसरा नाही, असे माझे ठाम मत आहे. मेट्रोने जाणारा माणूस एका स्थानकात जमिनीखाली उतरतो आणि दुसऱ्या स्थानकात वर येतो. मधले शहर त्याच्या दृष्टीस पडतच नाही. टॅक्सीतून शहर दिसते खरे, पण रस्ता चालकाच्या डोक्यात राहतो, प्रवाशाच्या नाही. पायी चालताना सगळे काही दिसते, मात्र पाऊण तासात जेमतेम पावणेचार किलोमीटर होतात. तेवढ्याच वेळात संथ गतीने धावणारा माणूस सहा किलोमीटर फिरून येतो. रस्त्याचे चढ-उतार त्याच्या पायांना कळतात आणि कोणता रस्ता कोणत्या रस्त्याला कुठे मिळतो हे त्याच्या लक्षात राहते. अर्धा तास, मध्येमध्ये चालत का होईना, धावण्याची सवय असलेल्या, पण परक्या गावी एकट्याने बाहेर पडायला बिचकणाऱ्या वाचकांसाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हे धावणे सरावासाठी नाही. घड्याळातला वेग, मागच्या आठवड्याशी तुलना, ठरलेले अंतर पूर्ण करण्याची जिद्द या सगळ्या गोष्टी खोलीवरच ठेवून निघावे. धाप न लागता एखादे पूर्ण वाक्य बोलता येईल, तोच वेग योग्य. सिग्नलला थांबणे, रस्त्याची पाटी वाचणे, पुलावरून खाली वाकून पाहणे हा यात वाया गेलेला वेळ नसून त्यासाठीच आपण बाहेर पडलेलो असतो.

आदल्या रात्री: नकाशात एक रेषा शोधावी

नकाशा उघडल्यावर बहुतेक जण प्रेक्षणीय स्थळे शोधतात आणि ती जोडणारा वेडावाकडा मार्ग आखतात. पहिल्या दिवशी ही पद्धत उपयोगाची नाही, कारण प्रत्येक वळणावर फोन पाहावा लागतो आणि फोन पाहत गेलेला रस्ता डोक्यात राहत नाही. त्याऐवजी मुक्कामाच्या जागेजवळ एखादी लांब, सलग आणि चुकूनही न हरवणारी रेषा आहे का, ते पाहावे. नदीकाठ, समुद्रकिनारा, कालवा, तलावाचा काठ, मोठ्या उद्यानाची कड किंवा रुंद पदपथ असलेला एखादा मुख्य रस्ता ही अशी रेषा असू शकते.

कित्येक शहरांत अशी रेषा जणू धावणाऱ्यांसाठीच आखलेली असावी इतकी सोयीची असते. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात १९५७ च्या महापुरानंतर तुरिया नदीचा प्रवाह शहराबाहेरून वळवण्यात आला आणि जुन्या कोरड्या पात्रात सुमारे नऊ किलोमीटर लांबीचे उद्यान उभे राहिले. तिथे जुन्या पुलांच्या कमानींखालून, एकही वाहन आडवे न येता धावता येते. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये चोंग्येचोन हा ओढा झाकून त्यावर उन्नत महामार्ग बांधलेला होता. तो महामार्ग पाडून ओढा पुन्हा उघडण्यात आला आणि २००५ मध्ये त्याच्या काठची वाट लोकांसाठी खुली झाली. ही वाट रस्त्याच्या पातळीखालून जात असल्यामुळे तिथेही सिग्नल लागत नाहीत. टोकियोत राजवाड्याच्या खंदकाभोवती सुमारे पाच किलोमीटरचा फेरा आहे आणि तिथे धावणारे सारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने धावतात. असा अलिखित नियम कुठेही असू शकतो, म्हणून गर्दीच्या मार्गावर पाय ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबून बाकीचे कोणत्या दिशेने जात आहेत ते पाहावे.

अशी रेषा नसेल, तर शहराची रचना पाहावी. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये १८११ च्या आराखड्यानुसार बहुतांश रस्ते काटकोनात आणि अनुक्रमांकाने आखलेले आहेत. तिथे आडव्या रस्त्यांचे वीस ठोकळे (लगतच्या दोन आडव्या रस्त्यांमधले अंतर म्हणजे एक ठोकळा) ओलांडले की साधारण एक मैल होतो, म्हणजे एका किलोमीटरला बारा-तेरा ठोकळे. पाटीवरचा आकडाच आपण कुठे आहोत आणि किती धावलो हे सांगतो. पॅरिसमध्ये सेन नदीला छेद देणाऱ्या रस्त्यांवर घरांचे क्रमांक नदीपासून सुरू होतात आणि नदीला समांतर रस्त्यांवर ते प्रवाहाच्या दिशेने वाढत जातात. म्हणजे नदी दिसत नसली, तरी तिला छेद देणाऱ्या रस्त्यावर घरांचे आकडे उतरत असलेल्या दिशेने गेल्यास नदी गाठता येते. प्रत्येक शहरात इतकी शिस्त नसते, पण घरांचे क्रमांक आणि रस्त्यांची नावे यांमागचा नियम आदल्या रात्री दहा मिनिटे देऊन समजून घेण्याजोगा असतो. बार्सिलोनासारख्या शहरात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत: इल्देफॉन्स सेर्दा यांनी १८५९ मध्ये आखलेला, कापलेल्या कोपऱ्यांच्या चौकोनांचा विस्तार आणि त्याला लागून मध्ययुगीन बोळांचे जुने शहर. पहिला दिवस चौकोनांचा असावा, बोळांचा नाही.

रेषा ठरली की उपग्रहचित्रात ती एकदा डोळ्यांखालून घालावी. पदपथ मध्येच संपत नाही ना, पुलावर पादचाऱ्यांना जागा आहे का, वाट एखाद्या महामार्गाच्या कठड्याला जाऊन तर थांबत नाही ना, हे तिथे दिसते. धावण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपच्या हीटमॅपवर लोक प्रत्यक्षात कुठे धावतात ते उजळ रेषांनी दाखवलेले असते. जिथे अशी रेषा ठळक आहे, तिथे सोबतीला माणसे असण्याची शक्यता जास्त. मात्र लोक तिथे नेमक्या किती वाजता असतात, हे हा नकाशा सांगत नाही. त्यासाठी मुक्कामाच्या ठिकाणच्या माणसांना विचारावे, आणि तेही नेमके विचारावे. ‘हा भाग सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला सगळीकडे ‘हो’ हेच उत्तर मिळते. ‘सकाळी सहा वाजता तुमच्या घरचे कोणी या वाटेने एकटे धावायला जाईल का?’ असे विचारले की समोरचा खरोखर विचार करून उत्तर देतो. एकट्या जाणाऱ्या स्त्रियांनी तर हाच प्रश्न तिथल्या एखाद्या स्त्रीलाच विचारावा. उत्तरात फरक पडतो.

निघण्यापूर्वी तपासायच्या गोष्टी

सूर्योदयाची वेळ पाहून त्यानंतरच निघावे. अनोळखी रस्त्यावर अंधारात खाचखळगे दिसत नाहीत आणि खुणाही दिसत नाहीत, त्यामुळे उजाडण्यापूर्वी धावण्याला या कामात काही अर्थ उरत नाही.

हवेच्या गुणवत्तेचा आकडा पाहताना तो कोणत्या मोजपट्टीवरचा आहे हे लक्षात घ्यावे. अमेरिकी मोजपट्टीवर १५० च्या वरची हवा सर्वांसाठीच अपायकारक मानली जाते, तर भारतीय मोजपट्टीवर १०१ ते २०० या टप्प्याला ‘मध्यम’ म्हटले जाते. एकच आकडा दोन ॲपवर दोन वेगळे अर्थ सांगू शकतो.

शहर समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, हे फार कमी लोक पाहतात. मेक्सिको सिटी सुमारे २,२४० मीटरवर आहे आणि बोलिव्हियातले ला पाझ साधारण ३,६०० मीटरवर. अशा ठिकाणी विरळ हवेमुळे नेहमीच्या संथ वेगालाही दम लागतो. अडीच हजार मीटरच्या वर पहिले दोन दिवस फक्त चालावे आणि डोकेदुखी किंवा मळमळ असेपर्यंत धावण्याचा विचारही करू नये. थंड प्रदेशातून उष्ण प्रदेशात आलेल्या शरीराला उकाड्याशी जुळवून घ्यायला एक-दोन आठवडे लागतात, हेही ध्यानात ठेवून सुरुवातीचे अंतर नेहमीच्या निम्म्यावर आणावे.

आणीबाणीचा दूरध्वनी क्रमांक पाठ असावा. युरोपीय संघातील देशांत आणि भारतात तो ११२ आहे, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९.

बरोबर काय घ्यावे

फोन पूर्ण चार्ज केलेला असावा आणि त्यात त्या शहराचा ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून घेतलेला असावा. फोनमधला जीपीएस उपग्रहांचे संकेत थेट घेतो, त्याला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशाचे चित्र आणण्यासाठी. त्यामुळे नकाशा फोनमध्ये असेल, तर परदेशी सिमकार्ड नसतानाही आपण कुठे आहोत हे दिसत राहते. मुक्कामाची जागा नकाशावर खूण करून ठेवावी.

तरीही फोनवर सर्वस्वी विसंबू नये. कडाक्याच्या थंडीत बॅटरी अचानक उतरते, पावसात पडद्यावर बोट चालत नाही. म्हणून एका कागदावर मुक्कामाचा पत्ता स्थानिक लिपीत आणि आपल्याला वाचता येईल अशा लिपीत लिहून घ्यावा. त्याच्या मागे घरच्या माणसाचा क्रमांक, रक्तगट आणि एखाद्या औषधाची ॲलर्जी असल्यास तिचे नाव लिहावे. हा कागद प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून खिशात ठेवावा, नाहीतर घामाने शाई पसरते. बस किंवा टॅक्सीने परत येता येईल इतके रोख पैसे आणि खोलीची किल्ली घ्यावी. ओळखपत्राची प्रत पुरेशी असते. ज्या देशात मूळ ओळखपत्र जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे, तिथे मात्र मूळच घ्यावे.

इअरफोन घेऊ नयेत. या बाबतीत माझ्याकडे तडजोड नाही. अनोळखी शहरात मागून येणारी ट्राम, सायकलची घंटा आणि कुत्र्याचे गुरगुरणे आधी कानांनाच कळते.

कोणत्या दिशेने जात आहोत आणि किती वाजेपर्यंत परतू, हे कोणाला तरी सांगून निघावे.

पहिली धाव: जायचे आणि आल्या वाटेने परतायचे

पहिल्या दिवशी गोल फेरा आखण्याचा मोह होतो, कारण तोच रस्ता पुन्हा पाहणे कंटाळवाणे वाटते. प्रत्यक्षात परतीचा रस्ता हा तोच रस्ता नसतो. जाताना इमारतींची एक बाजू दिसते, येताना दुसरी. जाताना जे औषधांचे दुकान डाव्या हाताला ठळक दिसले होते, ते येताना उजव्या हाताला असते आणि त्याची पाटी झाडामागे गेलेली असते. नेमक्या त्याच कोपऱ्यावर वळायचे असेल, तर माणूस नाकासमोर धावत पुढे निघून जातो. परक्या शहरात वाट चुकण्याचे सर्वांत साधे कारण हेच आहे.

यावर उपाय सोपा आहे, पण तो दर वेळी न चुकता करावा लागतो. प्रत्येक वळणावर, वळून झाल्यानंतर दहा-बारा पावलांवर थांबावे, पूर्ण मागे फिरावे आणि येताना हा कोपरा कसा दिसेल ते पाहावे. मग त्याची खूण मोठ्याने उच्चारावी: ‘पिवळी कमान, तिच्यासमोर दोन खांबांचा दिवा, इथे उजवीकडे.’ मोठ्याने बोलायला संकोच वाटतो, पण नुसते पाहिलेले आणि शब्दांत पकडलेले यांत फार अंतर असते. खूण निवडताना ती उद्याही तिथेच असेल अशी निवडावी. उभी केलेली गाडी, फलकावरची जाहिरात, फळविक्याचा गाडा या खुणा कामाच्या नाहीत; पुलाचा खांब, घड्याळाचा मनोरा, पुतळा, पाण्याची टाकी या कामाच्या. पहिल्या धावेत तीनपेक्षा जास्त वळणे नसावीत.

मागे फिरायची वेळ अंतरावर नव्हे, मिनिटांवर ठरवावी. एकूण पंचेचाळीस मिनिटे हाताशी असतील, तर विसाव्या मिनिटाला परत फिरावे. थकवा, चुकलेले वळण आणि सिग्नल यांसाठी पाच मिनिटे जास्तीची राहतात. वारा असेल, तर जाताना तो तोंडावर घ्यावा, म्हणजे घामेजल्या अंगाने परतताना तो पाठीशी राहतो. चढ असेल, तर तोही जातानाच संपवावा. उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहांचे संकेत भिंतींवर आपटून घड्याळापर्यंत पोहोचतात आणि नोंदलेली रेषा इमारतींच्या आरपार जाताना दिसते. अशा वेळी घड्याळ दाखवत असलेला वेग आणि अंतर खरे मानू नये.

रस्ता ओलांडताना आणि माणसांतून जाताना

वाहने ज्या बाजूने चालण्याची आपल्याला सवय आहे, त्याच्या उलट बाजूने ती चालत असलेल्या देशात सर्वांत मोठा धोका रस्ता ओलांडण्याचा असतो. मान सवयीने ज्या बाजूला वळते, त्या बाजूने गाडी येतच नाही. लंडनमध्ये अनेक ठिकाणी रस्त्यावरच ‘उजवीकडे पाहा’ असे रंगवलेले असते, ते याचसाठी. धावत धावत रस्ता ओलांडू नये. कडेला पूर्ण थांबावे, दोन्ही बाजूंना दोनदा पाहावे आणि चालत ओलांडावा. ही सवय कितीही पक्की झाली असे वाटले, तरी थकलेल्या अवस्थेत जुनीच सवय उफाळून येते. त्यामुळे परतीच्या वाटेवर अधिक जपावे.

ट्रामचे रूळ ओले असताना अतिशय निसरडे होतात. ते काटकोनात, छोट्या पावलांनी ओलांडावेत. ट्रामला थांबायला मोटारीपेक्षा बराच जास्त पल्ला लागतो आणि ती बाजूलाही वळू शकत नाही. काही शहरांत पदपथाचाच एक पट्टा सायकलींसाठी राखून ठेवलेला असतो आणि तो केवळ रंगाने किंवा फरशीच्या पोताने वेगळा केलेला असतो. त्यावर धावू नये. पदपथच नसेल, तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, रस्त्याच्या अगदी कडेने जावे.

नजर पाच-सहा मीटर पुढच्या जमिनीवर असावी. उखडलेली फरशी, झाडांच्या मुळांनी उचललेला पदपथ, गटाराचे सैल झाकण यांवर ठेच लागते ती बहुधा वर पाहत धावताना. एखादी इमारत पाहावीशी वाटली की थांबावे, मनसोक्त पाहावे आणि मग पुढे निघावे. अंगावर येणाऱ्या कुत्र्यापुढे धावणे ताबडतोब बंद करून चालू लागावे, त्याच्या डोळ्याला डोळा देऊ नये आणि पाठ न दाखवता सावकाश बाजूला व्हावे. प्रार्थनास्थळे, दफनभूमी आणि स्मारके यांच्या आवारात धावू नये. आत जायचे असेल, तर चालत जावे. लष्करी आणि सरकारी वास्तूंसमोर छायाचित्रे काढू नयेत.

आपल्या धावेची नोंद ॲपवर सर्वांना दिसेल अशी ठेवली, तर मुक्कामाची जागा आणि बाहेर पडण्याची वेळ कोणालाही कळते. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हाच्या हीटमॅपवरून लष्करी तळांची ठिकाणे उघड होत असल्याचे समोर आले होते; एकट्या प्रवाशाच्या बाबतीत हीच गोष्ट आणखी सहज घडू शकते. नोंद खासगी ठेवावी, किंवा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग झाकण्याची सोय वापरावी.

वाट चुकल्यास

वाट चुकली अशी शंका आली की पहिले काम थांबण्याचे. ‘पुढच्या कोपऱ्यावर कळेल’ असे म्हणत पुढे गेल्याने चूक वाढत जाते. शेवटची ओळखीची खूण कोणती होती ते आठवावे आणि तिथपर्यंत चालत मागे जावे. सकाळच्या वेळी सूर्य पूर्वेकडे असतो आणि सावल्या पश्चिमेकडे पडतात. मुक्काम नदीच्या पश्चिमेला आहे एवढे जरी माहीत असले, तरी सावलीच्या दिशेने चालून काम भागते. त्यानंतर फोन काढावा. कोपऱ्यावर मध्येच उभे राहून तो न्याहाळत बसण्यापेक्षा एखाद्या दुकानाच्या दारात किंवा बसथांब्यावर जाऊन पाहावा. वाट विचारायची असल्यास दुकान उघडत असलेल्या माणसाला किंवा मुलांना घेऊन निघालेल्या पालकांना विचारावी. एवढे करूनही उमगले नाही, तर खिशातला कागद टॅक्सीचालकाला दाखवावा. वाहनाने परत येण्यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही.

परतल्यावर: कागद आणि पेन्सिल

मला या साऱ्या पद्धतीत सर्वांत मोलाची वाटणारी पायरी ही आहे, आणि तीच बहुतेक जण गाळतात. पाणी पिऊन, जरा बसून, फोन न पाहता एका कोऱ्या कागदावर आपण धावलेल्या वाटेचा नकाशा काढावा. अमेरिकी नगररचनातज्ज्ञ केविन लिंच यांनी १९६० मध्ये मांडले होते की, लोकांच्या मनातले शहराचे चित्र पाच घटकांनी बनते: वाटा, कडा, विभाग, रस्ते एकत्र येणारे चौक आणि खुणेच्या जागा. याच क्रमाने काढत गेल्यास हात अडखळत नाही. आधी वाट, मग नदी किंवा रेल्वेमार्ग यांसारखी कड, मग कुठे वस्ती बदलली ते, मग चौक आणि शेवटी खुणा.

काढून झाल्यावर फोनमधल्या नोंदलेल्या रेषेशी ताडून पाहावे. सरळ वाटलेला रस्ता प्रत्यक्षात सावकाश वळत गेलेला असतो, कंटाळवाणा भाग लांब आणि रमणीय भाग आखूड काढला गेलेला असतो, आणि एखाद्या टप्प्याची जागा चक्क कोरी राहिलेली असते. तो कोरा टप्पाच दुसऱ्या दिवशी पाहायचा असतो.

पुढचे दिवस

दुसऱ्या दिवशी पहिल्या रेषेला छेद देणारी रेषा घ्यावी, तीही जाऊन-येऊन. तिसऱ्या दिवशी या दोन रेषांची टोके जोडणारा गोल फेरा करावा. आता त्याचा निम्मा भाग ओळखीचा असल्यामुळे नव्या भागाकडे लक्ष देता येते. शनिवार मध्ये येत असेल, तर त्या शहरात पार्करन आहे का ते पाहावे. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये सुरू झालेला हा पाच किलोमीटरचा विनामूल्य उपक्रम आता अनेक देशांत दर आठवड्याला होतो, आणि एकदा नोंदणी करून मिळालेला बारकोड सगळीकडे चालतो. धावून झाल्यावर तिथल्या लोकांशी दहा मिनिटे बोलल्याने ज्या वाटा कळतात, त्या कोणत्याही ॲपवर सापडत नाहीत.

जुन्या शहराच्या बोळांत शिरण्याची वेळ यानंतर येते, आणि तिथे आधी मार्ग आखू नये. त्याऐवजी चारी बाजूंना आपल्या ओळखीच्या झालेल्या रेषांची चौकट ठरवावी: उत्तरेला नदी, दक्षिणेला रेल्वेमार्ग, पूर्वेला आणि पश्चिमेला एकेक मोठा रस्ता. या चौकटीच्या आत हवे तसे वळावे, आवडलेल्या बोळात शिरावे, पायऱ्या चढाव्यात, बंद निघालेल्या गल्लीतून मागे यावे. ठरवलेली वेळ संपली की कोणत्याही एका दिशेने सरळ जात राहावे. चौकटीची एखादी बाजू लागल्याशिवाय राहत नाही, आणि ती लागली की मुक्कामाकडे कसे जायचे हे आपल्याला ठाऊक असते. बोळ अरुंद असतील, तर तिथे धावण्याऐवजी चालावे, कारण ती कोणाच्या तरी घरापुढची जागा असते आणि सकाळी लवकर लोक अजून झोपलेले असतात.